ब्रासरी, इराणी आणि रविवारचं जेवण

आपल्या सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठलं. "काका, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढतोय. तुम्ही जुन्या मुंबईवर काहीतरी लिहा. इतिहास वगैरे." माझा मजला येईपर्यंत मी हो म्हणून बसलो होतो. बँकेत अडतीस वर्षं कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही केली नाही, आणि इथे चार मजल्यांत फसलो.

विषय मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप मिळाला. पेपरच्या घडीतून खाली पडला. हायवेजवळ नवीन 'ब्रासरी' उघडते आहे, तिचं गुळगुळीत पत्रक. शनिवार-रविवारचं निवांत जेवण, घरगुती छोटे समारंभ, खिशाला परवडणारे दर, असं सगळं. मी आमच्या हिला विचारलं, "ब्रासरी म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "ब्रास म्हणजे रेती मोजतात ते." आपली बिल्डिंग उभी राहत असताना ज्या सभासदांनी संध्याकाळी साइटवर जाऊन रेतीचे ट्रक मोजले आहेत, त्यांना हे उत्तर चुकीचं वाटणार नाही.

त्याच आठवड्यात कमिटीची मीटिंग होती. विषय एकच, रौप्यमहोत्सवाचं स्नेहभोजन. केटरर बोलवायचा, की या नव्या ब्रासरीचा हॉल घ्यायचा, हा प्रश्न पाच मिनिटांत बाजूला पडला. खरा वाद झाला तो एकत्र बसायचं की वेगळं, यावर. शाकाहारी एका बाजूला, मांसाहारी दुसऱ्या बाजूला. मग वेगळी टेबलं. मग वेगळ्या वेळा. एका सभासदांनी वेगळा मजलाही सुचवला. सव्वा तास चालली मीटिंग. इतिवृत्तात 'विषयावर सविस्तर चर्चा झाली' एवढंच येईल, कारण ते मीच लिहितो. पण घरी येऊन मला झोप लागेना. म्हटलं, हे आपण पंचवीस वर्षांत प्रथमच भांडतोय, की आपले आजे-पणजेही हेच भांडत होते? तेव्हा हा लेख त्या पत्रकाचा आणि त्या मीटिंगचा, दोन्हींचा आहे.

आधी ब्रासरीचं बघू. शब्द फ्रेंच. मूळ अर्थ, बिअर तयार करण्याची जागा. फ्रान्स हा वाइनवाल्यांचा देश. पॅरिसला बिअरची गोडी लावण्यात मोठा वाटा आल्सास प्रांतातल्या लोकांचा. हा प्रांत अगदी पूर्वेला, जर्मनीला चिकटून. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि आल्सास जर्मनीच्या ताब्यात गेलं. जर्मन अंमलाखाली राहायचं नाही म्हणून हजारो माणसं घरदार सोडून निघाली, त्यातली पुष्कळ पॅरिसला आली. काहींनी तिथे बिअरची दुकानं काढली आणि बिअरबरोबर आपल्या गावाकडचं खाणं ठेवलं. आंबवलेला कोबी आणि सॉसेज. बास्तीयजवळची बोफिंगर ही ब्रासरी युद्धाच्याही आधीची, १८६४ ची. लिप नावाची नामांकित ब्रासरी १८८० ची. हे बोफिंगर आणि लिप दोघेही आल्सासकडचेच.

रेस्टॉरंटात ठरलेल्या वेळी, बरे कपडे घालून जायचं आणि एकामागून एक येणारं पूर्ण जेवण घ्यायचं, ही पॅरिसची रीत. ब्रासरीत दिवसभर केव्हाही जा. एक प्लेट मागवा, नाहीतर चार. बायको, पोरं, म्हातारी आई, सगळ्यांना घेऊन जा. बिअरचं दुकान हळूहळू कुटुंबाच्या रविवारच्या जेवणाची जागा झालं. हा क्रम लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे तो बरोबर उलटा झाला. त्याकडे नंतर येतो.

२०१४ साली मुलगी नोकरीनिमित्त पॅरिसला होती (बी विंगमधल्या जुन्या मंडळींना ती सायकलवरून पडून दात पाडून घेणारी म्हणून आठवत असेल). आम्ही दोघं तीन आठवडे जाऊन आलो. एका शनिवारी तिनं आम्हाला 'शार्तिए' नावाच्या ठिकाणी नेलं. काटेकोर बोलायचं तर ही ब्रासरी नव्हे. याला तिथे 'बुईयाँ' म्हणतात, म्हणजे मांसाचं सूप. १८५० च्या दशकात दुवाल नावाच्या एका खाटकानं कामकरी लोकांसाठी स्वस्त, गरम सूप द्यायला सुरुवात केली, त्यावरून ते नाव पडलं. शार्तिए १८९६ सालचं. बाहेर रस्त्यापर्यंत रांग. आत गेलो तर उंच छत, आरसे, पितळी कड्या-दांड्या, आणि भिंतीला छोटे छोटे नंबर घातलेले लाकडी खण. रोजची गिऱ्हाइकं पूर्वी आपापले कापडी रुमाल त्यात ठेवत. आपल्याकडे पोस्टात पेट्या असतात तसे.

वेटरनं आम्हाला चौघांच्या टेबलावर नेलं. तिथे आधीच एक माणूस जेवत होता. मी थबकलो. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे असंच असतं, जागा असेल तिथे बसायचं." त्या गृहस्थानं आपला ग्लास जरा सरकवला, मान हलवली आणि पुन्हा खाली बघून जेवायला लागला. हिनं उकडलेली अंडी आणि गाजराचा कीस घेतला. अंडं ती खाते, त्यापुढे जात नाही. शेवटी वेटरनं कागदी टेबलक्लॉथवरच पेन्सिलीनं हिशेब मांडला. मी सवयीनं बेरीज तपासली. बरोबर होती. आणि मला एकदम गिरगाव आठवलं.

आता आपल्याकडची गोष्ट. बाहेर जेवणं ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मौजेची बाब नव्हती, धर्माची होती. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. पुण्यात हलकल्लोळ. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! आपल्या मीटिंगमध्ये अजून तिथवर मजल गेलेली नाही, हे नमूद करतो.

पुढे काही लोकांनी हे मुद्दाम मोडायचा प्रयत्न केला. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकारानं १९३३ साली सर्व जातींसाठी उपाहारगृह निघालं. मुंबईत अनंत हरी गद्रे झुणका-भाकरीच्या प्रसादाचे सत्यनारायण करत. पूजेला दलित जोडपं बसवत आणि सर्वांना एका पंगतीत जेवायला घालत. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'समतानंद' म्हटलं ते त्यासाठीच. ही मोठी माणसं. पण माझं मत असं, की मुंबईत हे काम रोजच्या रोज, भाषण न करता, दुसऱ्याच कोणी केलं.

खानावळींनी नाही केलं. खानावळींबद्दल मला आदर आहे. गिरणगावात गावाहून एकटा आलेला कामगार महिन्याचे पैसे बांधून कोणातरी बाईच्या घरी जेवत असे, आणि त्या बायांनी निम्मी मुंबई जगवली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्या बायांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं. आम्हा बँकवाल्यांना तो एक धडाच होता. हमी द्यायला दागिना नाही, सातबारा नाही, आणि कर्ज मात्र वेळेवर फेडतात. पण खानावळ म्हटली की बहुधा ती आपल्या गावची, आपल्या जातीची. घरचीच पंगत, फक्त पैसे देऊन.

ज्यांनी केलं ते इराणी.

पारशी आणि इराणी यांत आपल्या लोकांची गल्लत होते. धर्म एकच, जरथुश्त्री. पण पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि गुजराती बोलू लागले. इराणी आले ते एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, मुख्यतः यझ्द आणि केरमान या भागांतून. तिकडे त्यांच्यावर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना १८५४ साली इराणला पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा १८८२ साली तो कर उठला. शिवाय १८७० च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ. म्हणजे बघा, आल्सासची माणसं पॅरिसच्या वाटेला लागली आणि इराणी मुंबईच्या, साधारण एकाच पिढीत. घर सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या सोवळ्या-ओवळ्याशी काय देणंघेणं! गल्ल्यात आणा पडला, टेबलावर कप आला.

धोबीतलावाची कयानी १९०४ ची, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. इराण्याचं दुकान कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी घेत नसत, ती यांनी घेतली असं सांगतात. असेलही. मला व्यवहार दिसतो. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन बाजूंचा उजेड. आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला आरसे. आरसे शोभेचे नव्हते, गल्ल्यावर बसून शेठला प्रत्येक कोपरा दिसावा म्हणून होते. दारात काचेच्या बरण्या, अंडी, पाव, साबण, डोकेदुखीची सुटी गोळी. ब्रून मस्का, मावा केक, खिमा-पाव, आणि तो दाट गोड चहा. आणि पाट्या! मोठ्यानं बोलू नये, केस विंचरू नयेत, पाय वर घेऊ नयेत. एझिकेल यांनी त्यावर इंग्रजीत कविताही केली. पण त्या पाट्यांत एक पाटी मी कधी पाहिली नाही, अमक्यानं बसू नये अशी.

१९६७ च्या जूनमध्ये मी मॅट्रिक झालो. आमची खोली गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. वडील म्युनिसिपालिटीत कारकून. घरात आजी, तिचं सोवळं कडक. बाहेरचं खाणं घरात नाही, घरातल्या बाईनं बाहेर खाणं तर कल्पनेत नाही. त्या दिवशी वडील म्हणाले, "चला, सगळ्यांनी जरा फिरून येऊ." आजी गुडघ्यांमुळे घरीच राहिली. आम्ही पाच जण. फिरत फिरत वडील कोपऱ्यावरच्या इराण्यात शिरले आणि आई दारातच उभी राहिली. वडील म्हणाले, "अगं, आत फॅमिली रूम आहे."

फॅमिली रूम म्हणजे मागच्या बाजूला लाकडी पार्टिशन घालून केलेली खोली, तिला अर्धी झुलती दारं. मुंबईच्या मध्यमवर्गीय बाईला बाहेर जेवायला बसवण्याचं श्रेय मी त्या अर्ध्या दारांना देतो. आई म्हणाली, मला फक्त चहा. वडिलांनी सगळ्यांना आम्लेट-पाव सांगितलं. तिनं माझ्यातलं अर्धं खाल्लं. समोर आरसा होता. खाता खाता तिनं वर पाहिलं आणि हसली. स्वतःला जेवताना तिनं पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. घरी ती सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याशी बसून जेवायची. बिल सहा रुपये आणि काही पैसे झालं. ते मला पाठ आहे, कारण वडिलांनी घरी येऊन डायरीत 'किरकोळ' म्हणून लिहिलं.

पण खरी गोष्ट बाहेर पडताना घडली. पुढच्या टेबलावर वडिलांच्या ऑफिसातले एक शिपाई बसले होते. त्यांना मी ओळखत होतो. ऑफिसची कागदं घेऊन ते आमच्याकडे येत आणि गॅलरीत उभे राहत. आई त्यांना चहा देई. त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, गॅलरीच्या खिडकीत पालथा घातलेला. ते चहा पीत, कप स्वतः नळावर विसळत आणि पुन्हा तिथेच ठेवत. हे इतकं रोजचं होतं, की मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी ते वडिलांना बघून उठायला लागले. वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, समोरची खुर्ची ओढली आणि बसले. आणखी दोन चहा सांगितले. पोऱ्यानं आणलेले दोन्ही कप एकसारखे होते. आम्ही दारात उभे. चहा होईपर्यंत दोघं पगारवाढीबद्दल बोलले.

घरी आल्यावर आजी एवढंच म्हणाली, "आज कांद्याचा वास येतोय." पुढे सात वर्षं त्यावर अवाक्षर नाही.

उडप्यांबद्दल न लिहिणं अन्यायाचं होईल, पण त्यांच्यावर वेगळा लेख हवा. ते दक्षिण कानडातून आले, म्हणजे तेही घर सोडून आलेलेच. माटुंग्याला रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ चं आणि त्याच्या मागेपुढे निघालेली कितीतरी. शाकाहारी, स्वच्छ, पितळेच्या लोट्यासारखी लखलखीत. आजीसारख्यांच्या सुना तिथे निर्धास्त गेल्या. 'राइस प्लेट' हा शब्द त्यांच्यामुळे मुंबईच्या तोंडी बसला. किती वाट्या, किती पुऱ्या हे ठरलेलं, म्हणून दरही ठरलेला. रेशनिंगच्या काळात ते परवडलं. १९६५ साली शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक जेवण सोडा म्हटलं, तेव्हा सोमवारी संध्याकाळी बंद झालेली हॉटेलं मी पाहिली आहेत. मालकांची कुरकुर ऐकल्याचं मला आठवत नाही.

१९७२ ला मी बँकेत लागलो. फोर्टमधल्या आमच्या शाखेत दोन-तीन इराण्यांची चालू खाती होती. सुट्या पैशांची मुंबईत कायम टंचाई, त्यामुळे इराणी शेठ नाण्यांच्या पिशव्या घेऊन आला की कॅशियर उठून उभा राही. कर्ज ते सहसा घेत नसत. चहा इतका स्वस्त कसा देतात, हे कोडं मला तिथे सुटलं. उत्तर चहात नव्हतं, भाड्यात होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. मोक्याच्या कोपऱ्यावरची जागा, वीस टेबलं, आणि भाडं शेदीडशे रुपये. म्हणून गिऱ्हाईक एका चहावर दोन तास पेपर वाचत बसलं तरी शेठ उठवत नसे. आपण ज्याला इराण्याचा दिलदारपणा म्हणतो, त्यातला निम्मा घरमालकाच्या खिशातून आलेला होता. हे मी घरमालकांची बाजू म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो.

नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे आपल्या सोसायटीचं नोंदणीचं वर्ष. त्यात बँका आणि मोठ्या कंपन्यांचं संरक्षण गेलं. आमच्या शाखेच्या घरमालकानं महिन्याभरात नोटीस पाठवली आणि नवी जागा शोधण्यात माझी एक वर्षाची रजा बुडाली. छोट्या दुकानांचं संरक्षण राहिलं, तरी इराणी टिकले नाहीत. कारणं अनेक. मुलं शिकली, परदेशी गेली. भागीदारांत वारस वाढले. पगडीचा आकडा असा फुगला की चहा विकण्यापेक्षा जागा सोडणं फायद्याचं. एके काळी शेकड्यांनी होते, आता बोटांवर मोजण्याइतके.

आणि बिअर. दारूबंदी सैल झाल्यावर पुष्कळ इराण्यांनी परमिट घेतलं. एका चहावर तासभर बसणाऱ्यापेक्षा एका बाटलीवर तासभर बसणारा परवडतो, हे गणित पहिलीतल्या मुलालाही जमेल. पार्टिशनवर 'फॅमिली रूम' होतं तिथे 'परमिट रूम' आलं. आमच्या कोपऱ्यावरही तेच झालं. पॅरिसमध्ये बिअरच्या दुकानाची कुटुंबाच्या जेवणाची जागा झाली, आपल्याकडे कुटुंबाच्या जागेचं बिअरचं दुकान. मला बिअरचा राग नाही, मी निवृत्तीच्या दिवशी घेतलीही आहे. राग याचा की आईला परत तिथे नेता आलं नाही.

सगळेच तसे झाले नाहीत. ब्रिटानियानं दुपारचं जेवण धरून ठेवलं. तिथला बेरी पुलाव १९८२ पासूनचा. मालकांची पत्नी इराणमध्ये काही वर्षं राहून परतली, तेव्हा तिनं ही पाककृती आणली. ते मालक, बोमन कोहिनूर, नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांची चौकशी करत. २०१९ साली सत्त्याण्णवाव्या वर्षी गेले. हिला घेऊन मी तिथे आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला गेलो होतो. तिनं शाकाहारी पुलाव घेतला, मी मटणाचा. टेबल एकच होतं.

आजीचं राहिलं. १९७४ साली, मी नोकरीत कायम झालो त्या महिन्यात, ती एका दुपारी म्हणाली, "तुम्ही सगळे जाऊन आलात तिथे मला ने." मी म्हटलं, कुठे? "कोपऱ्यावर. मला काय नाक नाही?" तिचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. जिना उतरायला वीस मिनिटं लागली. फॅमिली रूम तिनं नाकारली, म्हणाली, रस्ता दिसेल असं बसू. चहा आला. तिनं कप उचलून उजेडाकडे धरला.

"हा कोणी कोणी वापरला असेल रे?"

"सगळ्यांनी."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग बशीत ओतून, फुंकर घालून प्याली. शेठ गल्ल्यावरून बघत होता. म्हातारी बाई पहिल्यांदाच आली म्हणून असेल, उठून टेबलाशी आला. आजीनं त्याला विचारलं, गाव कुठलं? त्यानं सांगितलं, यझ्द. बारा वर्षांचा असताना काकाबरोबर आलो. "मग परत गेला नाहीस?" "नाय माजी. दुकान कोण बघनार?" आजी म्हणाली, तिचं गाव राजापूरकडे. घर पडलं, त्यानंतर तीही गेलेली नाही, बत्तीस वर्षं झाली. मग त्या दोघांनी, एकमेकांचं निम्मं न समजता, आपापल्या गावच्या विहिरींच्या पाण्याबद्दल बराच वेळ गप्पा मारल्या. त्याच्याकडे पाणी डोंगरातून भुयारानं आणतात हे तिला पटेना.

उठताना तिनं पदराची गाठ सोडून पैसे काढले. मी नको म्हणत होतो. शेठनं ते मुकाट घेतले. इराणी पैसे सोडत नाही. सुटे नव्हते म्हणून बदल्यात दोन गोळ्या दिल्या. तिनं एक मला दिली.

गॅलरीच्या खिडकीतला तो कान तुटलेला कप त्यानंतर केव्हा नाहीसा झाला, मला सांगता येणार नाही. फेकला असं कोणी म्हटलं नाही. शिपाईकाका निवृत्त होईपर्यंत आमच्याकडे येत होते. शेवटची काही वर्षं ते आतल्या खुर्चीवर बसत, आणि आई त्यांना ट्रेमधून चहा देई.

स्नेहभोजनाची यादी तळमजल्यावर नोटीस बोर्डाशेजारी लावली आहे. नाव, फ्लॅट नंबर, माणसं किती, आणि शेवटचा रकाना 'शाकाहारी/मांसाहारी'. सेक्रेटरींनी तो स्वयंपाकाच्या अंदाजासाठी ठेवला आहे, असं ते म्हणतात आणि मी ते मानतो. आमची दोन नावं लिहिली आहेत, एक शाकाहारी, एक मांसाहारी. बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे, 'एकाच टेबलावर'. कोणी खोडलं नाही तर पंचवीस तारखेला तिथेच भेटू.